आधी मांडव, मग पूल

…आणि वर म्हणतात कशा, "खर्च कशाला, भावजी?"

आता मला सांगा, मांडववाल्याला कुणी असं विचारतं का? न्हाव्याच्या खुर्चीत बसायचं आणि त्यालाच विचारायचं, केस कशाला कापायचे? अहो, वादळ आलं, मांडव उडून शेजारच्या भातात पडला, तेव्हासुद्धा मी हूं की चूं केलं नाही, दुसऱ्या दिवशी परत बांबू रोवले. पण या तीन शब्दांनी माझं जे वाटोळं केलंय ना… तुम्हाला सांगतो, झोपेतसुद्धा ऐकू येतात. परवा बायको पांघरूण घालायला आली, तर मी झोपेतच म्हणालो, खर्च कशाला?

थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा घरच्या बाईची उणीदुणी काढत बसलाय. मी निलेश. कामशेतला आपला मांडवाचा धंदा. मांडव, स्टेज, साउंड, खुर्च्या, जे म्हणाल ते. आणि वहिनी म्हणजे राजेश्वरीवहिनी, आमच्या चुलतभावाची, सुहासदादाची बायको. आमदार. हां, आपल्याच मावळच्या आमदार. निवडणुकीला लोणावळ्यापासून देहूरोडपर्यंत एकूण एक सभेला मांडव कुणाचा? माझा. तो निवडणुकीचा खर्च, त्याची पावती वहिनींनी मोजून घेतली, मोजून पैसे दिले, तेव्हाच मला संशय यायला पाहिजे होता. नाही आला. प्रत्येक सभेत त्या म्हणायच्या, "सरकारचा पैसा म्हणजे तुमचा पैसा. एक रुपया वाया जाऊ देणार नाही, आणि गेला तर जाब विचारीन." लोक टाळ्या वाजवायचे. आणि सगळ्यात जोरात टाळ्या कोण वाजवायचं? मीच. अहो, सगळेच उमेदवार म्हणतात ते. स्थळ सांगून येतं तेव्हा म्हणतात ना, मुलगा निर्व्यसनी आहे, तसलं ते वाक्य. ते कुणी खरं धरतं का? मला काय माहीत, ही बाई आपलंच भाषण घरी जाऊन पाळणार आहे.

निवडून आल्या. गुलाल उधळला. आणि त्या गुलालातच माझ्या डोक्यात गणित सुटलं. घरचा आमदार, पाच वर्षं. आपल्याकडं एका रस्त्याला तीन मांडव तरी लागतातच की नाही? एक मंजुरी आणल्याबद्दल सत्काराचा, एक भूमिपूजनाचा, एक लोकार्पणाचा. मधे सरकार बदललं तर परत एकदा भूमिपूजन, तो चौथा. म्हणलं निलेश, आता मागं बघायचं नाही. आंबीला कंपन्यांच्या बाजूला आमचे वडिलार्जित दोन गुंठे होते, दिले काढून. आणि माल आणला. पाऊस लागणार नाही असला मांडव, झालरी, झुंबरं, लाल गालिचा, आणि सोफा. त्या सोफ्याचं काय सांगू तुम्हाला? पांढराशुभ्र, पाय सोनेरी, हाताला दोन्हीकडं सिंहाची तोंडं. आमची ही म्हणाली, "ह्याच्यावर बसणार कोण?" मी ऐटीत म्हणालो, "आमदार."

अजून कुणी बसलेलं नाही.

पहिला दणका मुंबईहून आला. वहिनी अधिवेशनात उभ्या राहिल्या आणि विचारलं काय, तर सरकारी सत्काराच्या शाली, हार, मानचिन्हं यांवर वर्षाला किती खर्च होतो, आणि त्या शाली पुढं पांघरतं कोण? सगळं सभागृह हसलं म्हणे. एक जण मागून म्हणाला, "ताईंना थंडी वाजते वाटतं." वहिनी म्हणाल्या, "मला नाही वाजत. आमच्या डोंगरातल्या म्हाताऱ्यांना वाजते. त्यांचा सत्कार कधी ठेवताय?" झालं, हसणं बंद. त्या दिवसापासून कँटीनमधे त्यांच्या टेबलावर कुणी बसत नाही असं ऐकलं. बसलं तर वडा निम्माच खावा लागतो, निम्म्याचं उत्तर द्यावं लागतं.

मी गेलो त्यांच्या घरी. वहिनी भाकरी थापत होत्या. आमदार झाल्या तरी संध्याकाळची भाकरी स्वतःच, त्याला सुहासदादा लोकशाही म्हणतो. मी म्हणलं, "वहिनी, लोकांनी निवडून दिलंय, त्यांना तुम्ही डोळे भरून दिसायला नको का? एखादं छानसं भूमिपूजन…" भाकरी उलटली, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, "खर्च कशाला, भावजी?" म्हणलं, "अहो, सगळेच करतात." "म्हणून तर पैसे पुरत नाहीत." म्हणलं, "बरं, मोठा नको. जिथं करावाच लागेल तिथं तरी मांडव आपल्या घरचा…" तेव्हा मात्र त्यांनी बघितलं. आणि ते बघणं, तुम्हाला सांगतो, तव्यापेक्षा गरम. म्हणाल्या, "घरच्या माणसाला सरकारी कामातला एक बांबूसुद्धा मिळणार नाही. तुम्ही परके असता तर एक वेळ विचार केला असता."

म्हणजे बघा. लोक आमदाराचा भाऊबंद व्हायला नवस करतात, आणि मी भाऊबंद आहे म्हणून बाद. त्यांचं माहेर देहूरोडचं, वडील लष्कराच्या डेपोत. ते म्हणे ड्युटीवरून आले की दारातच खिसे उलटे करून झटकायचे, चुकून एखादा सरकारी स्क्रू आला असेल तर परत न्यायला. आता अशा माणसाची मुलगी आमदार झाल्यावर मांडववाल्यानं जगायचं कसं?

आणि मग आला तो पूल.

बेडशाच्या बाजूला एक वाडी आहे. मधून ओढा. अलीकडच्या काठाला भागुबाईची वस्ती, ही भागुबाई पुढं येईलच, बौद्ध मंडळींची, आणि थोडी आमच्यातली घरं. पलीकडं पिठाची गिरणी, दुकान, एसटीचा थांबा, सगळं. पावसाळ्यात ओढा भरला की अलीकडच्यांना दळण नाही आणि पोरांना शाळा नाही. पिढ्यानपिढ्या मागणी, एक साकव द्या, पायी जायचा छोटा पूल. वहिनींनी आमदार निधीतून मंजूर केला आणि स्वतः गेल्या वाडीत. सोबत शाखा अभियंता साहेब. आणि त्यांना म्हणाल्या, "अंदाजपत्रक सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा." साहेबांना घाम. अंदाजपत्रक कुणी मोठ्यानं वाचतं का? ते सही करायला असतं. पण वाचलं बिचाऱ्यानं. सिमेंट, सळई, दगड… आणि पुढं आवाज बारीक करून, "स्वागत कमान." मग आणखी बारीक, "व इतर अनुषंगिक खर्च."

"अनुषंगिक म्हणजे काय?"

"मॅडम, म्हणजे… अनुषंगानं येणारं."

"काय येतं?"

"मांडव, स्टेज, हार, फेटे, अल्पोपाहार…"

"आणि कमान कशासाठी?"

तर सरपंच दत्तोबा पुढं आले. फेटा सावरला, म्हणाले, "ताई, ती आमची मागनी हाय. गावाला येशीला कमान न्हाई. पावना आला तर त्याला कळावं, की गाव सुरू झालं." आणि ती कमान, तुम्हाला सांगतो, पुलापेक्षा रुंद. वहिनींनी दोन्हीवर काट मारली, सही केली आणि म्हणाल्या, "सोमवारी काम सुरू. कार्यक्रम नाही."

झालं. गाव पेटलं. तुम्हाला वाटेल पुलासाठी पेटलं. छे. दत्तोबाआबा म्हणाले, "शेजारच्या गावाला गटार झालं तवा मांडव हुता, मंत्री हुता, जिलेबी हुती. आन आमाला पूल देताय तर मांडव न्हाई? आमचं गाव काय वाऱ्यावर पडलंय? आमी काय चोरून पूल घेतोय व्हय? आधी मांडव, मग पूल." आणि सोमवारी खोदायचं मशीन आलं, तर अख्खं गाव ओढ्याच्या काठावर आडवं. धरणं. घोषणा, "आधी मांडव, मग पूल."

मी? मी काय करणार, मला भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा जनता माझ्या पाठीशी उभी राहिलेली. मी त्यांना मांडव घालून दिला. हो, धरणं धरायला. फुकट. म्हणजे बघा, मांडव मिळावा म्हणून आंदोलन, आणि आंदोलनाला मांडव, आणि मांडव माझा. झुंबर नाही लावलं, तेवढी अक्कल होती.

वहिनी आल्या. स्वतःच्या स्कूटीवरून, मागं सुहासदादा हेल्मेट धरून. मांडवाकडं वर बघितलं. "भावजी, हा कुणाच्या खर्चानं?" म्हणलं, "माझ्या." "मग छान आहे," म्हणाल्या आणि चप्पल काढून जमिनीवर बसल्या. मी म्हणलं सोफा आणू का, गाडीतच आहे. "खर्च कशाला, भावजी?" म्हणलं अहो, फुकट आहे. "मग सवय कशाला?"

घ्या. सोफा राहिला गाडीतच.

मग त्यांनी पोरांकडून फक्की मागवली, कबड्डीचं मैदान आखतात ना ती पांढरी. काठावर मोकळं रान होतं तिथं दोन रेघा मारल्या. म्हणाल्या, "हा अलीकडचा काठ, हा पलीकडचा. मधे हा तुमचा पूल." आणि पूल आखला, चांगला लांब. मग अभियंता साहेबांना म्हणाल्या, "मांडव आणि स्टेजच्या पैशात पूल किती होतो?" साहेबांनी मोबाईलवर आकडे बडवले, सांगितलं. वहिनींनी तेवढा पूल पायानं पुसला. "हार, फेटे, जेवण?" पुसला. "कमान?" तुम्हाला सांगतो, कमान पुसायला लागल्या तर पुसतच मागं येतायत, पुसतच मागं येतायत… शेवटी पूल राहिला ओढ्याच्या मध्यापर्यंत. म्हणाल्या, "आबा, पैसे तेवढेच आहेत, मी छापत नाही. हा तुमचा कमानीचा, मांडवाचा, जिलेबीचा पूल. चला, यावरून पलीकडं जाऊन दाखवा."

दत्तोबा हट्टाचे. निघाले. छाती काढून चालत गेले आणि रेघ संपली तिथं थांबले. पुढं बघितलं, मागं बघितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "आबा, मारा उडी, कमान हाय की मागं." सगळी हसली, आबासुद्धा मिशीत हसले आणि मग रागावले, कारण हसायला नको होतं.

तेवढ्यात भागुबाई उठली. डोक्यावर तांदळाच्या दळणाचा डबा. घरून गिरणीला निघालेली, वाटेत आंदोलन लागलं म्हणून बसली होती. म्हणाली, "मांडवात बसून दळान व्हतंय व्हय रं? मला पल्याड जायाचंय." मला वाटलं, आता ही वहिनींचं कौतुक करणार. कसलं काय. वळली वहिनींकडं, "आन ए बाय, तू बी लय बोलतीस. रेघा कसल्या मारतीस? पूल कवा हुनार ते सांग."

"पावसाच्या आत, मावशी."

"न्हाई झाला तर?"

आमदाराला असं कुणी विचारत नाही हो. आमदारानं सांगायचं 'लवकरच', आपण म्हणायचं 'बरं', अशी आपली पद्धत. पण वहिनी म्हणाल्या, "नाही झाला, तर तुमचं दळण मी पलीकडं नेऊन देईन. होईपर्यंत."

भागुबाई म्हणाली, "समद्यांनी ऐकलंय बरं का."

धरणं मोडलं. पण मशीन हलेना. का? तर मशीनवाला अमृत म्हणाला, "नारळ फोडल्याबिगर मी बकेट टेकवत नसतो, मागं एकदा टेकवली तर टायर फुटला." वहिनींनी पिशवीतून घरचा नारळ काढून त्याच्या हातात दिला. अमृतनं फोडला, भागुबाईच्या वस्तीतल्यांनी त्यांची वंदना घेतली, खोबरं सगळ्यांनी खाल्लं, आणि खोदायला सुरुवात. कोनशिला नाही, भाषण नाही. मी माझा मांडव सोडला, एकटाच. दोरीची गाठ सुटेना तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं, लोकांना वाटलं फक्की गेली.

आणि पूल पावसाच्या आत झाला का? नाही झाला. अहो, कसा होईल? ठेकेदाराची माणसं दुसऱ्या कामावर, सळई आली तर सिमेंट नाही. कमानीइतका उल्हास नव्हता ना कुणाला त्यात. आणि पाऊस आला, आपल्याकडचा, वरून नळ सोडल्यासारखा. मी म्हणलं सुटलो, आता वहिनी 'तांत्रिक अडचण' म्हणतील. सगळे म्हणतात. तर मला फोन. "भावजी, मोकळेच आहात ना? या."

मोकळाच होतो. कुणामुळं ते विचारू नका.

गेलो तर वहिनी पदर खोचून ओढ्यात. कमरेला दोर, दोर काठावरच्या झाडाला, डोक्यावर भागुबाईचा डबा. मी म्हणलं, "वहिनी, एखादी गाडी लावू, लांबच्या रस्त्यानं डबे पाठवू." "सरकारी गाडी दळणाला? खर्च कशाला, भावजी? घ्या तो दुसरा डबा." आणि मी, निलेश मंडप डेकोरेटर्सचा मालक, पांढऱ्या बुटात, छातीएवढ्या पाण्यात. पायाखाली दगड सरकतोय, डबा डोक्यावर, वरून भागुबाई काठावरून ओरडतीय, "भिजवू नगंस रं, पीठ न्हाई व्हायचं, लापशी व्हईल." मधे एकदा पाय घसरला. तुम्हाला खोटं नाही सांगत, त्या क्षणाला मला बायको आठवली नाही, पोरं आठवली नाहीत. मनात आलं, इथून पोरांनी शाळेला जायचं? इतकी वर्षं? आणि आपण जिलेबीसाठी धरणं धरलं? राग आला हो मला. स्वतःचाच आला, आणि स्वतःवर ओरडता येईना म्हणून वहिनींवर ओरडलो.

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. वहिनींना ताप, तरी परत. सुहासदादा म्हणाला बस कर, तर म्हणाल्या, "सगळ्यांनी ऐकलंय." मग मात्र काठावर अभियंता साहेब दिसायला लागले, मग ठेकेदार दिसायला लागला. आमदार ओढ्यात आणि आपण छत्रीत, हे त्याला जड गेलं असावं. पाऊस उघडला त्या दिवशी दुप्पट माणसं कामावर. पूल झाला. साधा, कठड्याचा, दोन माणसं एकमेकांना वाट देतील एवढा. पहिली कोण गेली? भागुबाई. कुणाला सांगितलं नाही, विचारलं नाही, डबा घेऊन निघाली आणि दळून परत आली. उद्घाटन कधी झालं ते गावाला कळलंच नाही.

मग दत्तोबाआबा आले माझ्याकडं. गहिवरून म्हणाले, "निलेशभाऊ, चुकलं आमचं. ताईंचा सत्कार करायचाय. सरकारी न्हाई, गावाच्या वर्गनीतून." मी म्हणलं, देव आहे. वर्गणी म्हणजे लोकांचा खुशीचा पैसा, याला वहिनीसुद्धा नाही म्हणू शकत नाहीत. मी सांगत सुटलो. आबा, असा मांडव घालतो, अशी झुंबरं, लाल गालिचा, पुढं तो सोफा, सिंहाचा… आबांचा चेहरा उतरत गेला. म्हणाले, "ते समदं खरं. पन पैसं आमचं हायेत ना ह्यात." हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवताना हात केवढा सैल असतो, आणि आपल्या घरावर ठेवायची वेळ आली की तुळससुद्धा महाग. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ताडपत्री हाय आमची. खर्च कशाला, भाऊ?"

आणि सगळ्यात कहर पुढंच. मागच्या महिन्यात एक फोन आला. नाव सांगत नाही, पुढच्या निवडणुकीला उभं राहायच्या तयारीतला माणूस. आवाज तुपासारखा. "निलेशभाऊ, तुमच्यावर लई अन्याय झाला. घरच्या माणसाला असं उपाशी ठेवतं का कुणी? तुम्ही फक्त एवढंच करा, चार गावांत चार शब्द वहिनीविरुद्ध बोला. दीरच बोलतोय म्हणल्यावर लोक ऐकतात. आपण आलो की पाच वर्षं रोज मांडव, आणि मांडव तुमचाच." तुम्हाला सांगतो, तोंडाला पाणी सुटलं. आंबीचे दोन गुंठे डोळ्यांपुढं परत आले, अगदी कुंपणासकट. म्हणलं, "पैशाचं कसं?" तो हसला. "त्याची काळजी तुम्हाला कशाला? सरकारी कामात अनुषंगिकमधे टाकून देऊ की."

आणि माझ्या तोंडून गेलं, "कुठल्या पुलातून काढणार?"

अहो, गेलंच. मी नाही म्हणालो, तोंड म्हणालं. तो म्हणाला, "म्हणजे?" म्हणलं, "म्हणजे कुठल्या गावाचा पूल निम्मा ठेवणार तेवढं सांगा. आणि त्या गावची दळणं मग तुम्ही नेणार का?" फोन कट. त्यानं केला की मी केला, आजसुद्धा सांगता येणार नाही. आमची ही आतून म्हणाली, "कोण होतं?" म्हणलं, "राँग नंबर."

तर असं आहे. आता तुम्ही बसलाय ना, त्या खुर्च्या माझ्याच. या तुमच्या मंडळानं मला बोलावलं, म्हणाले, निलेशभाऊ, तुम्ही बोलता छान, या आमच्याकडं. मला वाटलं, चला, मांडवातून नाही तर तोंडातून तरी दोन पैसे. मानधनाचं विचारलं, तर म्हणाले मंडळ छोटं आहे, पण येताना खुर्च्या तेवढ्या घेऊन या. आणल्या. काय करता… पण एक करा, संपलं म्हणून लगेच उठू नका. थोडा वेळ बसा नुसतेच. रिकाम्या खुर्च्या बघवत नाहीत हो मला.